कुमुदताईंची चूक

कुमुदताई गेल्याची बातमी मला व्हॉट्सॲपवर कळली. आमच्या कुटुंबाचा एक ग्रुप आहे. त्यात रोज सकाळी सुविचार आणि संध्याकाळी कुणाच्या तरी नातवाचा वाढदिवस असतो. मी अंगणात धानाच्या पोत्यांवर ताडपत्री ओढत होते, तेवढ्यात फोन वाजला म्हणून पाहिलं, तर ताईंचा फोटो, त्याभोवती झेंडूची कमान, मागे सूर्य गिळत असलेला एक काळा गोळा, आणि खाली मजकूर : 'ब्लॅक होलची वाघीण अनंतात विलीन.' त्याखाली कुणीतरी अंगठा दाखवला होता. झालं होतं असं, की ताईंच्या सहकाऱ्याचा फोन माझ्या नवऱ्याला राईस मिलवर आला, त्यांनी ते शेजारी उभ्या असलेल्या चुलतभावाला सांगितलं, आणि हे गाडी काढून घरी पोचायच्या आत त्या भावानं कमान, गोळा, वाघीण, सगळं जमवलं होतं. एवढ्या चपळाईनं त्यानं आयुष्यात कधी स्वतःच्या आईला दवाखान्यात नेलेलं मी पाहिलेलं नाही.

मला रडू आलं नाही, राग आला. ताईंनी तो फोटो पाहिला असता तर आधी त्या गोळ्याकडे बोट दाखवून त्या म्हणाल्या असत्या, की यात एकही गोष्ट खरी नाही, आणि मग आम्ही दोघी मिळून त्या भावाच्या अकलेचा पंचनामा केला असता. आता तो मला एकटीलाच करावा लागणार होता, हे त्या ताडपत्रीचं टोक हातात धरलेलं असताना माझ्या लक्षात आलं... आणि मग मात्र मी खाली बसले.

कुमुदताई माझ्या मोठ्या नणंदबाई. एकोडीच्या शेतकरी घरातली ही मुलगी लाखनीच्या शाळेत शिकली, नागपुराला कॉलेजात गेली आणि पुढे दक्षिणेतल्या एका मोठ्या शहरातल्या संस्थेत खगोलशास्त्रज्ञ झाली. लग्न केलं नाही. मी या घरात सून म्हणून आले तेव्हा लोकांनी मला त्यांच्याविषयी एवढंच सांगितलं होतं, की त्या फार हुशार आहेत आणि त्यांना स्वयंपाक येत नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या निघाल्या. त्या वर्षातून एकदा दिवाळीच्या आसपास यायच्या, ओला टॉवेल माझ्या गादीवर टाकायच्या, जेवताना दुसऱ्यांच्या बोलण्यातले आकडे दुरुस्त करायच्या, आणि पाहुण्या बायकांसमोर जांभई द्यायच्या. मी त्या काळात प्राथमिक शाळेत शिकवत होते, घर सांभाळत होते, आणि मला त्या अजिबात आवडल्या नव्हत्या.

आमचं जमलं ते एका सत्यनारायणाच्या पूजेला. नात्यातल्या एका बाईंनी ताईंना विचारलं, की लग्न काहून नाही केलं, कोणी भेटलं नाही का? ताई शांतपणे म्हणाल्या, "भेटले ना. म्हणूनच नाही केलं." मला भर पूजेत हसू फुटलं, सासूबाईंनी डोळे वटारले, आणि ताईंनी पहिल्यांदाच माझ्याकडे नीट पाहिलं. त्यानंतर दरवर्षी त्या आल्या की संध्याकाळी आम्ही दोघी गावच्या तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, जाऊन बसायचो आणि जिल्ह्यातल्या एकेका माणसाला सोलून काढायचो. प्रेमळ नणंद-भावजयीच्या गोष्टी सांगतात तसलं आमच्यात काही नव्हतं. आम्हा दोघींना एकाच प्रकारच्या माणसांची किळस होती, आणि त्यावर आमची मैत्री छान चालली.

दक्षिणेत सारं आयुष्य काढूनही त्या घरी आल्या की झाडीचीच, आमच्या भंडाऱ्याकडची बोली बोलायच्या. नागपुरात चार वर्षं राहून 'मला-तुला' करत परतणाऱ्यांविषयी त्यांचं मत मी इथं लिहू शकत नाही. त्यांच्या कामाविषयीही लोकांच्या ठरलेल्या कल्पना होत्या. रात्र रात्र दुर्बिणीला डोळा लावून बसत असाल ना, असं कुणी कौतुकानं विचारलं, की त्या सांगायच्या, मी दहाला झोपते. आणि ते खरं होतं. दुर्बीण दुसऱ्या देशातल्या डोंगरावर, तिच्यावर काम करणारी माणसं तिथं, आणि ताई दिवसा खुर्चीत बसून तिच्याकडून आलेला प्रकाश वाचायच्या. मला त्यांनी ते एकदा समजावलं होतं. एखाद्या आकाशगंगेच्या मधोमध एक प्रचंड कृष्णविवर असतं. ते दिसत नाही, पण त्याच्याभोवतीचा वायू दिसतो. त्या वायूचा प्रकाश रंगारंगांत फोडला, की त्यात काही ठळक रेषा दिसतात. वायू आपल्याकडे येत असेल तर त्या रेषा निळ्या बाजूला सरकतात, आपल्यापासून दूर जात असेल तर तांबड्या बाजूला. आकाशगंगेच्या मध्यावर बारीक चौकटींची जाळी कल्पायची, प्रत्येक चौकटीतला प्रकाश असा वेगळा वेगळा फोडायचा, आणि कुठला वायू कुठं चाललाय याचा नकाशा काढायचा. हे त्यांचं काम. नवऱ्याच्या सगळ्या खानदानात हे मला एकटीला कळलं होतं, असं मी म्हटलं तर त्यात गर्व आहे, आणि तो मला आहे.

मग तो शोध लागला. एका आकाशगंगेत, कृष्णविवराच्या अगदी जवळचा वायू सगळ्यांसोबत नुसता गरगरत नाही, तर त्यातला काही आत कोसळतो आहे, असं ताईंच्या नकाशात दिसलं. कृष्णविवराच्या पोटात खाणं कसं पोचतं हा त्यांच्या क्षेत्रातला मोठा प्रश्न आणि त्याचं उत्तर त्यांना सापडल्यासारखं झालं होतं. परदेशातले लोक त्यांचा निबंध वाचू लागले, त्यांना भाषणांना बोलावू लागले. वर्तमानपत्रात चार ओळी आल्या, आणि लगेच लाखनीला सत्कार ठरला. ज्यांनी त्यांच्या बापाला 'पोरीले इतकं शिकवून का करतेस' म्हणून हैराण केलं होतं, तेच पहिल्या रांगेत फेटे बांधून बसले. प्रमुख पाहुणे वायू या विषयावरून सिलेंडरच्या भावावर गेले आणि तिथून परतलेच नाहीत. दुसऱ्या वक्त्यानं कृष्णविवर सगळं गिळतं, तसं भंडाऱ्याच्या या लेकीनं यश गिळलं, असं सांगितलं. ताईंना बोलायला उभं केलं तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, की कृष्णविवर ऊठसूट कुणाला गिळत नाही, बहुतेक वेळ ते उपाशी असतं, हे मी आयुष्यभर सांगून राहिली, आता दमली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मिळालेल्या शालींच्या मी गोधड्या शिवल्या.

त्या दिवसापासून माझ्या नवऱ्याच्या अंगात काहीतरी शिरलं. हे स्वभावानं मवाळ. कुणी वाट अडवली तर हे शेतातून जातील. वादात दोन्ही बाजूंना मान डोलावतील, आणि घरी येऊन मला विचारतील की तुला काय वाटते. पण बहिणीच्या शोधाविषयी बोलताना यांचा आवाज चढायचा. बँकेत, राईस मिलमध्ये, साकोलीच्या बाजारात, लग्नाच्या पंगतीत, कुठंही हे सुरू व्हायचे : "ब्लॅक होलात गॅस पडते ना, ते माह्या बहिणीनं पाहिलं." जगात त्यांचं स्वतःचं म्हणावं असं तेवढं एकच वाक्य होतं. मी त्याची चेष्टा करायची, तरी ते मला ठाऊक होतं.

काही वर्षांनी ताई दिवाळीला आल्या त्या गप्प होत्या. टॉवेलसुद्धा दोरीवर टाकला, तेव्हाच मला संशय आला. संध्याकाळी पाळीवर बसलो आणि त्या म्हणाल्या, "रत्ना, मी चुकली. तो वायू आत जाऊन नाही राहिला. बाहेर येऊन राहिला." मी म्हटलं, म्हणजे नकाशाच चुकला का? तर नाही. नकाशा बरोबर होता, निळं ते निळंच होतं, तांबडं ते तांबडंच. मग त्यांनी समोरच्या तलावाकडे हात केला आणि जे सांगितलं ते मी कधी विसरणार नाही. "पल्याडच्या काठावरचा माणूस तुह्याकडे येऊन राहिला, तं तो पान्यात उतरून राहिला. अल्याडच्या काठावरचा येऊन राहिला, तं तो पान्यातून निघून राहिला. दोघं बी तुह्याचकडे येऊन राहिले. मी अल्याडलेच पल्याड समजली."

आकाशगंगा तिरकी असते. तिची एक कड आपल्या जवळची आणि एक लांबची. कुठली जवळची हे धुळीच्या काळ्या पट्ट्यांवरून ओळखतात, आणि त्यासाठी ताईंनी एका सहकाऱ्यानं पाठवलेलं छायाचित्र वापरलं होतं. आकाशाचा नकाशा मान वर करून पाहायचा असतो, म्हणून त्यात पूर्व डावीकडे येते, आपल्या शाळेतल्या नकाशाच्या उलट. वाटेत कुठंतरी कुण्या शहाण्यानं ते छायाचित्र आपल्या नेहमीच्या नकाशासारखं, पूर्व उजवीकडे घेऊन, आरशात दिसावं तसं फिरवलं, आणि ताईंनी ते तपासलं नाही, म्हणून जवळची कड लांबची ठरली. बस, एवढंच. इतकी वर्षं नाव, भाषणं, फेटे, सगळं त्या उलट्या छायाचित्रावर उभं होतं. नव्या दुर्बिणीनं नवं छायाचित्र घेतलं तेव्हा त्यांना स्वतःलाच ते दिसलं. दुसऱ्या कुणालाही दिसलं नव्हतं, दिसायची लक्षणंही नव्हती.

त्यांच्या संस्थेत त्या वेळी त्यांना विभागप्रमुख करायचं घाटत होतं. वरिष्ठांनी त्यांना जवळ बसवून प्रेमानं सांगितलं होतं, की कुणी विचारलं तर पाहू, आपणहून कशाला वाच्यता करायची, विज्ञान पुढं जातच असतं. हे सांगताना ताईंनी त्या वरिष्ठांची जी नक्कल केली, ती मला आजही जशीच्या तशी आठवते : मान तिरकी, डोळे अर्धे मिटलेले, आवाजात तूप. त्या माणसाला भेटायची मला फार इच्छा होती. मी विचारलं, मग तुम्ही काय करणार? त्या म्हणाल्या, पाठवूनही दिलं. माझा निष्कर्ष चूक आहे, का चूक आहे, आणि चूक माझीच आहे, असं लिहून छापायला पाठवलं. सहकाऱ्याचं नावही त्यांनी घेतलं नाही, कारण तपासायचं काम माझं होतं, असं त्यांचं म्हणणं. विभागप्रमुखपद अर्थातच त्या तूपवाल्याच्या मर्जीतल्या कुणाकडे गेलं. आणि लोक भाषणांत त्यांचा जुनाच निष्कर्ष वापरत राहिले, कारण तो जास्त देखणा होता. दुरुस्ती वाचायला लोकांना वेळ नसतो. ताईंना पद गेल्याचं काही वाटलं नाही, पण हे दुसरं त्यांना शेवटपर्यंत खुपत होतं.

घरी येऊन त्यांनी भावाला सांगितलं. मी तिथंच होते. यांचा चेहरा असा उतरला, की जणू कुणी वावर बळकावलं. हे म्हणाले, "आता लोकाईले काय सांगू मी?" ताई उठल्या आणि हात धुवायला मोरीत गेल्या. मी यांच्यावर ओरडले, की बहिणीला काय वाटत असेल ते विचारायचं सोडून तुम्हाला लोकांची पडली आहे. यांनी नेहमीसारखी मान डोलावली. आणि पुढल्या आठवड्यात साकोलीच्या बाजारात हे कुणाला तरी सांगत होते, की ब्लॅक होलात गॅस पडते ना, ते माह्या बहिणीनं पाहिलं. मी ऐकलं. ताईंच्या कानावरही कधी ना कधी गेलंच असणार, पण त्यांनी भावाला एका शब्दानं टोकलं नाही. दुनियेला फाडून खाणारी ही बाई याच एका माणसापुढे का गप्प बसायची, ते मला कळत नसे. मी विचारलं तर म्हणायच्या, मधूकडे दुसरं का आहे सांगाले?

ताई गेल्या त्या हृदयविकारानं, ध्यानीमनी नसताना. आम्ही पोचलो तेव्हा त्यांच्या इच्छेप्रमाणे विद्युतदाहिनीची व्यवस्था झाली होती. इथं परतल्यावर नातेवाइकांनी तेरवी घातली. जिवंतपणी ज्यांच्या घरी ताई चहा प्यायल्या नाहीत त्यांनी बुंदी वाढली. मी ते सोडून दिलं. पण त्यानंतर लाखनीच्या त्यांच्या शाळेच्या संस्थेनं प्रयोगशाळेला ताईंचं नाव द्यायचं ठरवलं, आणि फलकाचा मजकूर मला दाखवायला आणला : 'कृष्णविवरात कोसळणाऱ्या वायूचा शोध लावणाऱ्या थोर शास्त्रज्ञ.' मी म्हटलं, हे खोटं आहे. हे त्यांनीच खोडून काढलंय. संस्थेचे सचिव सोफ्यावर रेलून बसले होते. माणूस सुखवस्तू, बोटात तीन अंगठ्या, विज्ञान शाखेचे पदवीधर. ते माझ्याकडे लहान पोरीकडे पाहावं तसं पाहून हसले. "वहिनी, का फरक पडते? गॅस आत गेला का अन् बाहेर आला का, नाव तं आपल्याच गावचं होऊन राहिलं ना?" मी यांच्याकडे पाहिलं. हे फरशीकडे पाहत होते. सचिव गेल्यावर हे मला म्हणाले, जाऊ दे, मेल्या माणसाची चूक चारचौघांत कायले सांगायची.

मला त्या दोघांत फारसा फरक दिसला नाही, आणि तसं मी यांना सांगितलं. एक बाई आपलं पद घालवून खरं बोलते, आणि तिच्याच नावाच्या फलकावर तुम्ही तिचं खोटं कोरता, तेही तिच्या भावाच्या संमतीनं. ती चूक हीच काय ती ताईंची कमाई होती. वायू शोधून काढणारे पुष्कळ असतील... आपल्यालाच सापडलेला वायू परत करणारं माणूस मी तरी दुसरं पाहिलेलं नाही.

कार्यक्रम झाला. फलकाचं अनावरण घरच्या सुवासिनीच्या हातून, म्हणून मलाच दोरी ओढायला लावली, आणि मग दोन शब्द बोलायला सांगितलं. मी बोलले. फलकावर ज्या शोधाचं नाव आहे तो शोध चूक होता, असं मी सांगितलं. तो चूक आहे हे साऱ्या जगात आधी कुमुदताईंनाच कळलं, त्यांनी ते लपवलं नाही, म्हणून त्यांचं मोठं पद गेलं. मुलांना शिकवण्यासारखं त्यांच्या आयुष्यात काही असेल तर ते हे आहे, तेव्हा लिहायचं तर ते लिहा. सभागृह क्षणभर शांत झालं, आणि मला वाटलं, पोचलं. मग टाळ्या झाल्या. त्या सिलेंडरवाल्या भाषणालाही झाल्या होत्या तशाच, तेवढ्याच. सचिवांनी माइक घेऊन वहिनींनी अतिशय भावपूर्ण शब्दांत आठवणी जागवल्याबद्दल आभार मानले आणि अल्पोपाहाराची सूचना दिली. फलक आजही तिथंच आहे. पुढं कित्येक दिवस आमच्या घरात फक्त जेवायला वाढलंय एवढंच बोलणं झालं.

परवा दिघोरीचे यांचे मामेभाऊ आले. हे गृहस्थ हल्ली मोबाइलवर व्हिडिओ करतात, 'आपल्या मातीतली रत्नं' वगैरे. त्यांना ताईंची खोली पाहायची होती. माडीवरच्या त्या खोलीत आता एक पलंग, पुस्तकं आणि भिंतीला लावलेला तो नकाशा एवढंच आहे. नकाशा म्हणजे एका बाजूला निळे, एका बाजूला तांबडे ठिपके, मध्ये पांढरा ठिपका. येणाऱ्या बायकांना ती लुगड्याची नक्षी वाटते. मी चहा घेऊन वर गेले तेव्हा पाहुणे मोबाइल नकाशासमोर धरून उभे होते आणि आवाजात उसना थरार आणून बोलत होते : "तं दादा, हा सारा गॅस त्या ब्लॅक होलात पडून राहिला, अन् हे आपल्या ताईनं साऱ्या जगाच्या आधी पाहिलं. बरोबर?"

हे नकाशाकडे पाहत राहिले. आता ते वाक्य येणार म्हणून मी दारातच थांबले, आणि खरं सांगायचं तर चहा त्या दोघांच्या अंगावर ओतावा असं माझ्या मनात आलं होतं.

"नाही," हे म्हणाले. "बाहेर निघून राहिला. आधी आत पडते म्हने ती. चुकली होती. मंग तिनंच पाहिलं, अन् तिनंच सांगितलं. सांग म्हणून कोणी म्हटलं नोतं तिले."

पाहुण्यांनी मोबाइल खाली केला. "अरेरे," ते म्हणाले. "हे तं मंग काढून टाकतो मी."

"अरेरे कायले?" हे म्हणाले. आवाज चढला होता. "काढू नको. चालू कर ते. पुन्हा सांगतो."

आणि यांनी पुन्हा पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली, बोट नकाशावर ठेवून, अडखळत, मध्येच निळं-तांबडं उलटसुलट करत आणि स्वतःच दुरुस्त करत. मी दारात ट्रे धरून उभी राहिले. इतक्या वर्षांच्या संसारात कुमुदताईंचा भाऊ मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसला.